डिपेंडंट भाऊजी

कोराडीत राहणाऱ्याला साचणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी खिडकीची कड पुसली की संध्याकाळी तिच्यावर पुन्हा राखेचा पातळ थर असतो. कोणी आणून टाकत नाही, येताना कोणाला दिसत नाही, पण बोट फिरवलं की बोटाला लागतो. आमच्या घरात भाऊजींच्या व्हिसाचे किस्से असेच साचले. मी फारशी बोलत नाही. पाहुणे आले की पाण्याचे पेले ठेवते आणि दाराशी उभी राहते. त्यामुळे कोण काय म्हणालं, आणि कोणाकडे पाहून म्हणालं, हे सगळं आपोआप माझ्याकडे जमा होतं. वर्गातल्या मैत्रिणींना एकेक सांगत होते. त्याच म्हणाल्या, सलग लिहून काढ. म्हणून हे.

आधी माणसं सांगते, फार नाहीत. बाबा इथल्या कोळशाच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत क्वार्टरमध्ये राहतो. श्वेताताई माझी मोठी बहीण, नर्स आहे. भाऊजी म्हणजे तिचे मिस्टर, मंगेश. भाऊजींच्या वडिलांना सगळे काकाजी म्हणतात. काकाजींचा नागपूरला कळमन्याच्या मार्केट यार्डात संत्र्यांचा व्यापार आहे. लिलावात संत्र्यांचे ढीग घ्यायचे आणि ट्रक भरून बाहेरगावी पाठवायचे. भाऊजी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्याबरोबर यार्डात उभे राहिलेले. मी आणि आई धरून झाले सगळे.

*

पहिला किस्सा व्हिसाच्या आधीचा आहे, पण तो ऐकल्याशिवाय पुढचे कळणार नाहीत.

भाऊजी ताईला पाहायला आले तेव्हा त्यांनी ताईला पाहिलंच नाही. काकाजी बाबांशी बोलत होते, आई चिवडा घ्या म्हणून आग्रह करत होती, ताई समोरच्या खुर्चीत बसली होती, आणि भाऊजी आमच्या हॉलच्या पंख्याकडे पाहत होते.

ताईने स्वतःच सांगून टाकलं. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलमध्ये तिची निवड झाली होती, करारावर सही झाली होती. ती जाणार होती आणि होणाऱ्या नवऱ्याने तिकडे यावं अशी तिची अट होती. काकाजींचा चमचा बशीतच थांबला. भाऊजी पंख्याकडे पाहत म्हणाले, "पाहू."

पाहुणे गेले. आईने न विचारताच बशा उचलायला सुरुवात केली, म्हणजे तिच्या हिशेबाने नकार पक्का होता. बाबांनी मात्र स्टूल आणलं आणि ते पंख्याखाली चढले.

"आता तुम्ही वर काहून चढले?" आई म्हणाली.

"एवढा वेळ पाहून राहिला होता पोरगा. बेअरिंगचा आवाज येत असन," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पंखा खोलून त्याला ग्रीस लावलं.

दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोन आला. मुलगी पसंत आहे, मुलाला अटही मंजूर आहे! आमच्याकडे कोणालाच काही समजेना. ताईने भाऊजींचा नंबर मागून घेतला, स्वतः फोन लावला आणि पहिलं वाक्य टाकलं, "पंखा पसंत पडला का?"

तेव्हा भाऊजींनी यार्डातली रीत सांगितली. जो ढीग घ्यायचा असतो त्याच्याकडे घेणारा पाहत नाही. नजर गेली की विकणाऱ्याला कळतं आणि भाव चढतो. म्हणून काकाजींनी त्यांना लहानपणापासून हेच शिकवलेलं. आवडलं की दुसरीकडे पाहायचं आणि कोणी विचारलंच तर 'पाहू' म्हणायचं. यार्डात ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे, तरीही सगळे करतात.

"म्हणजे मी संत्र्याचा ढीग आहे का?" ताईने विचारलं.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे ट्रकांचा आवाज येत होता. मग भाऊजी म्हणाले, "ढिगासाठी एवढा वेळ वर नाही पाहा लागत. मान दुखून राहिली कालपासून."

ताई हसली. लग्न तिथेच ठरलं.

*

लग्नानंतर ताई पुढे गेली. भाऊजींनी तिचा नवरा म्हणून व्हिसा काढून मागून जायचं होतं. तिच्या कागदांत भाऊजींच्या नावापुढे एक शब्द होता, डिपेंडंट. म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने राहणारा. हा शब्द कोराडीहून कळमन्याला कोणत्या ट्रकने गेला माहीत नाही, पण आठवड्याच्या आत तिथे पोहोचला.

यार्डातले बाकीचे व्यापारी लिलावाच्या मध्येच विचारू लागले, "काय गा डिपेंडंट शेठ, आज बायकोनं किती ढीग घ्याले सांगितले?"

भाऊजींनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा शांतपणे म्हणाले, "अख्खा कळमना पावसावर डिपेंडंट आहे. मी बायकोवर आहो. बायको टाइमवर फोन तरी करते."

त्या दिवसापासून चिडवणं कमी झालं. बंद नाही झालं, पण चिडवणारे आधी आभाळाकडे पाहून घेऊ लागले.

काकाजी मात्र हसले नाहीत. एकुलता एक मुलगा, इतक्या वर्षांची यार्डातली ओळख. त्यांनी बाबांसमोर सरळ सांगून टाकलं होतं, पोराने जरूर प्रयत्न करावा, पण व्हिसा झाला नाही तर सूनबाईने ती नोकरी सोडून नागपूरला यावं. ताईने त्या नोकरीसाठी किती वर्षं घातली ते मी पाहिलंय. ती जर्मनची पुस्तकं उशीखाली घेऊन झोपायची. भाऊजी काकाजींना हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाहू."

*

ताईची रात्रपाळी संपायची तेव्हा इकडे लिलावाची वेळ झालेली असायची. ती ट्राममध्ये बसली की फोन लावायची. भाऊजींना त्या वेळी बोलायला सवड नसायची, म्हणून ते फोन शर्टाच्या खिशात ठेवून द्यायचे आणि लिलाव चालू राहायचा. ताई खोलीवर पोहोचेपर्यंत कानाला फोन लावून भाव ऐकत जायची. तिकडे बर्फ पडलेला असायचा, रस्त्यावर कोणी नसायचं. ती म्हणायची, कळमना ऐकला की सोबत असल्यासारखं वाटतं.

एकदा तिचा फोन चुकून मोठ्या आवाजात लागला. ट्राममधल्या सगळ्यांनी लिलाव ऐकला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी फार आदराने विचारलं, ही तुमच्याकडची सकाळची प्रार्थना आहे का?

ताई हो म्हणाली. बाईंनी हात जोडले.

*

व्हिसासाठी भाऊजींना जर्मनची पहिली परीक्षा पास व्हायचं होतं. त्यांनी नागपूरच्या बर्डी भागात क्लास लावला. क्लासमध्ये बाकीच्या सगळ्या नर्सिंगच्या मुली आणि मागच्या बाकावर हे, शर्टाला संत्र्यांचा वास. लिलाव आटोपला की क्लास आणि क्लास सुटला की आमच्या क्वार्टरवर. कारण घरी काकाजींसमोर जर्मन बोलायची त्यांना लाज वाटायची. माझ्यासमोर वाटायची नाही. मी काही म्हणत नाही ना!

भाऊजींना हळू बोलायची सवयच नव्हती. 'माझं नाव मंगेश आहे, मी नागपूरला राहतो' हे ते असं म्हणायचे की शेजारच्या काकू एकदा दारात येऊन विचारून गेल्या, "जवायासंग काई वाद झाला का वं?"

बाबांनी मदत करायचं ठरवलं. त्यांच्या कामात एक शिस्त असते. मशीनवर कोणी काम करत असेल तर तिच्यावर एक टॅग लटकवतात, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा असतो; त्याच्यावर हुकूम फक्त कंट्रोल रूमचा. बाबांनी त्याच पद्धतीने घरातल्या प्रत्येक वस्तूला जर्मन नावाचा टॅग लावला. फ्रिजला, दाराला, कुकरला, देवघराच्या घंटीला. भाऊजींना शब्द पाठ झाला की बाबा परीक्षा घेणार आणि मगच टॅग निघणार. सही बाबांची.

भाऊजी रोज तासभर यायचे. आई दिवसभर त्या टॅगांमध्येच वावरायची. काही आठवड्यांनी अशी वेळ आली की भाऊजी एखाद्या शब्दाला अडले की आई पोळी लाटता लाटता आतून सांगायची.

शेवटी कुकरचा टॅग निघता निघेना. भाऊजींना तो शब्द काही केल्या राहत नव्हता. आईला रोज शिट्टी लावताना टॅग बाजूला करावा लागायचा. एक दिवस तिने तो काढला आणि बाबांच्या चष्म्याच्या दांडीला लावून दिला. बाबा म्हणाले, सही कोणाची आहे यावर? आई म्हणाली, "कंट्रोल रूमची."

*

परीक्षेत बोलण्याचा एक भाग असतो. समोर चित्रं उलटी ठेवलेली असतात, एक उचलायचं आणि त्यावर जे असेल ते समोरच्याकडे नम्रपणे मागायचं. एवढंच. कृपया मला पाणी द्या, कृपया मला पेन द्या.

भाऊजींनी चित्र उचललं आणि निघालं संत्रं.

हे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं, त्यामुळे खरं असणार. जोडीला क्लासमधलीच एक नर्सिंगची मुलगी होती. भाऊजींनी आधी चित्र उलटं करून मागची बाजू तपासली. म्हणजे ढिगाच्या तळाशी काय आहे ते पाहावं तसं. मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. परीक्षक वाट पाहत होते. ती मुलगी घाबरली आणि स्वतःच म्हणाली, संत्रं हवं आहे का तुम्हाला?

भाऊजी खिडकीबाहेर पाहत जर्मनमध्ये म्हणाले, "लहान आहे."

मुलगी म्हणाली, गोड आहे. भाऊजी म्हणाले, महाग आहे. मुलगी म्हणाली, ठीक आहे, थोडं स्वस्त देते. भाऊजी म्हणाले, धन्यवाद.

परीक्षकांनी दोघांनाही भरपूर मार्क दिले. लिहिण्यात भाऊजी काठावर पास झाले, बोलण्यात वर्गात पहिले. बाबांनी उरलेले सगळे टॅग त्या दिवशी एकदम काढले. चष्म्याला लटकलेला कुकरचासुद्धा.

*

त्यानंतर मुंबईला जर्मन वकिलातीत मुलाखत. खिडकीपलीकडे एक मॅडम बसतात, कागद घेतात आणि प्रश्न विचारतात. बाबा सोबत गेले होते, पण त्यांना बाहेर थांबावं लागलं. भाऊजी बाहेर आले ते खुशीत.

"झालं समजा, मामाजी," ते म्हणाले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. "सगळे प्रश्न बरोबर सोडवले."

बाबांनी कोराडीला फोन करून कळवलं आणि आईने शेजारी पेढे वाटले.

मग नकार आला. कागद सगळे बरोबर होते. परीक्षा पास, लग्नाचं सर्टिफिकेट बरोबर, फोटो बरोबर. पण या दोघांना खरंच एकत्र संसार करायचा आहे याची खात्री पटली नाही, असा त्याचा अर्थ होता. हवं तर पुन्हा अर्ज करा.

त्या संध्याकाळी काकाजी आमच्याकडे आले. ते रागावले नव्हते, ते फक्त म्हणाले की ठरल्याप्रमाणे आता सूनबाईने परत यावं. फोनवर ताई होती. तिच्या मागे खिडकीत बर्फ पडताना दिसत होता आणि तिने ड्यूटीचे कपडे घातलेले होते. भाऊजी फोनकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

बाबा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, त्या मॅडमने विचारलं तरी काय? भाऊजी सांगत होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला जर्मनीत जाऊन राहायचं आहे का? मी म्हटलं, पाहू. त्यांनी विचारलं, व्हिसा नाही मिळाला तर काय कराल? मी म्हटलं, सीझन चालू आहे, काम पुष्कळ आहे.

"आणि तुम्ही कुठे पाहत होतात?"

हे मी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले, कारण मोठ्यांच्या बोलण्यात मी कधी तोंड उघडत नाही.

भाऊजी आठवून म्हणाले, "वर. एसी होता तिथं."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही त्यांना पंखा दाखवला."

आधी ताईच्या लक्षात आलं. मग आईच्या. बाबांनी कपाळाला हात लावला. भाऊजी मात्र अजून तसेच बसलेले. ते हळूच म्हणाले, "पण मले खरंच जाचं होतं. म्हणूनच तर वर पाह्यलं."

काकाजींनी खाली पाहिलं. ते उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "एक डाव आणखी अर्ज भर. माझीच शिकवण आहे, तिच्यामुळं सूनबाईची नोकरी जाऊ नये."

*

आता भाऊजींना पाहायला शिकवायचं होतं. ते काम माझ्याकडे आलं, का तर म्हणे तुझ्याच लक्षात आलं. पण गंमत अशी की मलाही कोणाच्या डोळ्यांत पाहता येत नाही. शाळेत बाई प्रश्न विचारतात तेव्हा मी फळ्याच्या कोपऱ्याला उत्तर देते. म्हणजे ज्याला पाहायचं नाही आणि जिला पाहता येत नाही, अशा दोघांची प्रॅक्टिस.

स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये आमच्याकडे ताटं द्यायची छोटी खिडकी आहे. मी आतून मॅडम व्हायची, भाऊजी बाहेर खुर्चीवर. पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारला मिठाच्या बरणीला आणि भाऊजींनी उत्तर दिलं ट्यूबलाइटला. आई मध्ये उभी राहून म्हणाली, "अशानं दोघंही नापास व्हान."

मग आम्ही पायरी पायरीने जायचं ठरवलं. आधी एकमेकांच्या कानाकडे पाहायचं. दोन दिवसांनी कपाळाकडे. मग भुवया. डोळ्यांपर्यंत पोहोचायला आठवडा लागला, आणि पोहोचलो त्या दिवशी दोघांनाही इतकं हसू आलं की प्रश्न राहूनच गेला.

'पाहू' हा शब्द घालवणं त्याहून कठीण. त्याचा उपाय आईने काढला. भाऊजींना सांबारवडी फार आवडते. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, तिचं सारण भरून तळलेली ती लांबट वडी. आईने गरम वड्यांची ताटली त्या खिडकीत ठेवली आणि विचारलं, जवाईबापू, घेता का?

भाऊजींनी सवयीने पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाहू."

आईने ताटली आत ओढून घेतली. थोड्या वेळाने पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. असं करता करता वड्या गार झाल्या, बाबांनी आतल्या आत चार संपवल्या आणि ताटलीत एकच उरली. तेव्हा कुठे भाऊजींनी मान खाली केली, त्या वडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले पायजे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लगेच दुसरा घाणा टाकला.

*

त्याचे परिणाम कळमन्यात झाले.

मला सुट्टी होती आणि बाबांबरोबर मी यार्डात गेले होते. संत्र्यांचे ढीग लागलेले, सगळीकडे आंबटगोड वास, आणि भोवती माणसं अशी उभी की जणू कोणाचाच त्या संत्र्यांशी संबंध नाही. कोणी मोबाइल पाहतोय, कोणी छताकडे, एक जण तर पाठ करून उभा होता. एका चांगल्या ढिगाचा लिलाव सुरू झाला. मोठी, एकसारखी, पातळ सालीची संत्री. भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी त्या ढिगाकडे टक लावून पाहिलं. नंतर विकणाऱ्याकडे. सरळ डोळ्यांत.

पाठ करून उभा असलेलासुद्धा वळला. मग भाव जो चढला तो चढतच गेला.

काकाजींनी त्यांना बाजूला ओढलं. "काहून पाह्यलं बे त्याच्याकडं?"

"आवडला होता ढीग."

काकाजी कपाळावरचा घाम पुसत बाबांना म्हणाले, "पोराले लवकर पाठवा आता. हा इथल्या कामाचा नाही राहिला."

*

दुसऱ्या मुलाखतीला निघताना ताईने एकच सांगितलं, बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल, पण समोर पाहा.

तिथे काय झालं ते भाऊजींनी परतीच्या गाडीत बाबांना सांगितलं आणि बाबांनी घरी येऊन आम्हाला, घाबरत घाबरत. खिडकीपलीकडे मॅडम दुसऱ्या होत्या. शेजारी मराठी समजणाऱ्या एक बाई मदतीला होत्या. भाऊजींनी मॅडमकडे पाहायला सुरुवात केली ती इतकी पक्की की मॅडमनी खुर्ची थोडी मागे घेतली. त्यांनी विचारलं, तुम्हाला जर्मनीला का जायचं आहे?

भाऊजींनी पाठ केलेली सगळी जर्मन वाक्यं त्या क्षणी गेली. टॅग काढलेले, आई जवळ नाही. ते मराठीतच म्हणाले, "मले तिच्यासंग राहाचं आहे."

मॅडम अजून थांबल्या होत्या. त्यांना वाटलं पुढे काही येईल. भाऊजींनाही वाटलं की काहीतरी पुढे बोलायला हवं. आता मनातलं तर सगळं उघड करून झालं होतं. यार्डात अशा वेळी घेणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून ते म्हणाले, "आता भाव तुम्ही सांगा."

हे ऐकल्यावर बाबांना रात्रभर झोप आली नाही. त्यांना वाटलं, लाच देतोय असं समजतील आणि जावई आतच जाईल. त्या मदतीच्या बाईंनी ते मॅडमना कसं समजावून सांगितलं ते कधीच कळलं नाही. भाऊजी एवढंच म्हणाले की त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि मॅडम पहिल्यांदा हसल्या.

व्हिसा आला. पासपोर्ट घेऊन कुरिअरवाला आला तेव्हा दार मी उघडलं. त्याने विचारलं, घरात कोण आहे? मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "मी आहे."

*

भाऊजी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकाजी आमच्याकडे येऊन बसले. ते म्हणाले, घरी रेंज येत नाही. त्यांच्या घरी रेंज चांगली येते.

ताई तिकडे विमानतळावर फोन समोर धरून उभी होती, म्हणजे ती दिसत नव्हती, तिला दिसत होतं ते आम्हाला दिसत होतं. काचेचं दार उघडायचं, माणसं बाहेर यायची, कोणी कोणाला मिठी मारायचं. बाबांनी फोन बरणीला टेकवून ताटं द्यायच्या खिडकीत ठेवला होता आणि आम्ही चौघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो होतो.

दार पुन्हा उघडलं आणि भाऊजी आले. अंगात बाबांचं थंडीतलं जॅकेट, ट्रॉलीवर दोन बॅगा आणि आईने दोरीने बांधलेलं खोकं. त्यांनी ताईला पाहिलं. आम्हाला कळलं की पाहिलं, कारण ट्रॉली जागच्या जागी थांबली. मागची माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली.

आणि भाऊजींनी मान वर केली. छताकडे. ते पाहतच राहिले.

"आता हे काय," बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "काहून वर पाहून राहिले जवाईबापू? समोर पाहायची एवढी प्रॅक्टिस केली!"

आईने पदर तोंडाला लावला. काकाजी इतके पुढे झुकले की त्यांचा चष्मा फोनला टेकला.

फोन हलायला लागला. ताई चालत होती, आधी हळू, मग भरभर. छत दिसलं, जमीन दिसली, खोक्याची दोरी दिसली. मग तिचा आवाज आला.

"अहो, इथं पंखा नाहीये."